किल्ली एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे

लोहगड चढताना एकामागून एक चार दरवाजे लागतात: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. बहुतेक जण ते ओलांडून थेट विंचूकाटा या गडाच्या निमुळत्या सोंडेकडे निघतात. गणेश दरवाज्यापाशी मात्र जरा थांबावं. हा दरवाजा बांधताना एका जोडप्याचा बळी दिला आणि त्याच्या बदल्यात त्या घराण्याला लोहगडवाडीची पाटीलकी मिळाली, अशी लोककथा आहे. ती खरी की खोटी हे बाजूला ठेवू. पाटीलकीचं मोल माणसाच्या जिवाएवढं होतं, हे ऐकणाऱ्यांना पटत आलं, एवढं तिच्यातून कळतं.

सतराव्या शतकात पुण्याच्या पश्चिमेच्या खोऱ्यांना बारा मावळ म्हणत. पवन, नाणे आणि अंदर ही त्यांतली तीन मावळं आजच्या मावळ तालुक्यात, म्हणजे लोहगडाच्याच तालुक्यात येतात. मावळामावळात देशमुख घराणी होती. निजामशाही जावो, आदिलशाही येवो, देशमुखीचं वतन, म्हणजे वंशपरंपरेचा हक्क, घरातच राही. वसूल देशमुखच गोळा करी. वाडा, बुरूज, पदरी हत्यारबंद माणसं, सगळं त्याचं. वर बसलेल्या सुलतानाला त्याच्याशिवाय एक दाणा मिळत नसे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर १९२० साली वारला. त्याच्या मागे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने अधिकाराचे तीन पाये सांगितले: परंपरा, व्यक्तीचं तेज आणि नियम. शिवाजी महाराजांना आपण सहज दुसऱ्या पायावर उभं करतो. १६५९ साली अफजलखान चालून आला, खानाला सामील होण्याचं आदिलशाही फर्मान हाती पडलं, तेव्हा कारीचे कान्होजी जेधे मुलांसह महाराजांकडे आले आणि वतनावर पाणी सोडलं. हे तेजाचंच काम. पण तेज माणसाबरोबर जातं. महाराजांनी गडांवर जे केलं ते तिसऱ्या पायाचं होतं, आणि मला त्याचं महत्त्व अधिक वाटतं.

कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत गडाची व्यवस्था सांगितली आहे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एका दर्जाचे, आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. अंबारखान्यातलं धान्य आणि सामान कारखानिसाच्या ताब्यात. हवालदार आणि सरनोबत मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू. दरवाज्याच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि कागद सबनिसाकडे. मोठ्या घेराच्या गडावर तटाचेही भाग पाडून त्यावर वेगवेगळे तटसरनोबत. एक फितला तरी गड जाऊ नये, अशी ही रचना. एका जातीचे, एका घरचे लोक संगनमत करतील, ही शंका तिच्या मुळाशी आहे. माणसाच्या इमानावर विश्वास ठेवूनही व्यवस्थेने त्यावर विसंबायचं नाही, हा विचार इथे सह्याद्रीच्या माथ्यावर राबत होता.

देशमुखांच्या बाबतीतही हेच धोरण. त्यांचे बुरूज पाडले, वसूल सरकारी कारकुनांकडे गेला, हक्काची रक्कम ठरवून दिली. वतन मात्र मोडलं नाही. १६४६ साली महाराजांनी रांझे गावच्या पाटलाचे गुन्ह्याबद्दल हातपाय तोडले, आणि पाटीलकी गेली त्याच्याच गोतातल्या सोनजी गुजराकडे. इतकी वतनाची मुळं खोल होती.

या सगळ्याची मीमांसा मराठीतच झालेली आहे. १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात वतनदारांवर एक प्रकरण आहे. वतनदार हे राज्याचे भाऊबंदच; आहे त्यावर समाधान न मानणारे, शेजाऱ्याचं ओढणारे, परचक्र आलं की आधी जाऊन त्याला भेटणारे. त्यांना दुखवू नये आणि मोकळंही सोडू नये, स्नेह आणि दंड दोन्ही राखावे, असा पंतांचा सल्ला. त्यातली कळकळ अनुभवाची आहे. १६८९ साली राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा इथला कारभार पंतच पाहत होते. औरंगजेब वतनांचं आमिष दाखवत होता, म्हणून स्वराज्यालाही वतनं वाटावी लागली. जे बंद करायचं होतं तेच हाताने द्यावं लागलेल्या माणसाने ते प्रकरण लिहिलं आहे. आजच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत ते शिकवलं जायला हवं.

लोहगड १६६५च्या पुरंदरच्या तहात गेला, १६७० साली परत आला, १८१८ साली इंग्रजांनी घेतला. वतनं त्याहून चिवट निघाली. परगणा आणि कुलकर्णी वतनं मुंबई राज्याने १९५० साली कायद्याने रद्द केली, पाटीलकी १९६२च्या कायद्याने गेली. आता गावचं दप्तर तलाठ्याकडे असतं, आणि तलाठ्याची बदली होते.