गुलाबाची पाने पिवळी का पडतात?

हिंगोली जिल्ह्यातील काळ्या जमिनीत परसात सुवासिक गावठी गुलाब लावणाऱ्यांकडून एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. पावसाळ्यात आळ्यात पाणी साचले, की शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात. शिरा मात्र हिरव्याच राहतात. 'लोह कमी पडले' म्हणून कोणी गंजके खिळे पुरतात. गुण येत नाही. का बरे?

निदान बरोबर आहे, उपाय चुकला. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसते, मॅग्नेशियम असते. पण हरितद्रव्य तयार होताना लोह लागतेच. जुन्या पानांतले लोह नव्या पानांकडे सहजी जात नाही, म्हणून कोवळी पाने आधी पिवळी होतात. (नत्र कमी पडल्यास जुनी पाने आधी पिवळी पडतात.)

काळ्या मातीत लोह भरपूर असते. परंतु चुनखडी असेल तर तिचा सामू ८ च्या आसपास असतो, आणि सामू एकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. म्हणजे कोठार भरलेले, पण कुलूपबंद! खिळ्यांतले लोहही त्याच कोठारात जाते.

नुकसान फुलांचेही होते. जिरॅनिऑलसारखी सुगंधी द्रव्ये पाकळ्यांत बनतात. त्यांतला कार्बन पानांनी केलेल्या साखरेतूनच येतो.

तेव्हा पाण्याचा निचरा करावा, शेणखत घालावे. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून, थोडे लिंबू पिळून सायंकाळी पानांवर फवारावे. येथे लोह मातीला वगळून थेट पानांत जाते.

वर्गात मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून पाहावेत. फसफसले, तर कुलूप कोणते ते विद्यार्थ्यांना दिसेल.