पाचास दोन : कंपन्यांचे विलीनीकरण आणि भागधारकाचे कागद

दिवाळीच्या सुटीत सुरतेला पांडेसऱ्यास मामांकडे गेलो होतो. मामा तेथील एका प्रोसेस हाऊसमध्ये फोल्डिंग खात्यात आहेत. मी वाणिज्य शाखेत शिकतो म्हणून त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक जाड लिफाफा काढून पुढे ठेवला आणि म्हणाले, "हाई कागदमा काय लिखेल शे, ते सांग." आत एका कंपनीच्या पन्नास भागांचा दाखला होता आणि त्याबरोबर ती कंपनी दुसरीत विलीन होत असल्याची इंग्रजी नोटीस. नोटीस बऱ्याच वर्षांपूर्वीची. मामांनी ती जाहिरात समजून ठेवून दिली होती. तो लिफाफा वाचताना, वर्गात पाठ केलेली कलमे मला प्रथमच नीट समजली. म्हणून हा लेख.

दोन कंपन्या एक होतात तेव्हा लीन होणाऱ्या कंपनीचे भाग नाहीसे होतात व त्यांच्या बदल्यात दुसऱ्या कंपनीचे भाग मिळतात. किती भागांस किती, यालाच भाग-अदलाबदलीचे प्रमाण म्हणतात. एचडीएफसी ही गृहकर्ज संस्था १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी बँकेत विलीन झाली, तेव्हा संस्थेच्या २५ भागांस बँकेचे ४२ भाग असे प्रमाण होते. समजा एखाद्याजवळ दहाच भाग होते. हिशेबाने १६.८ भाग येतात. पण भागाचा तुकडा कोणास देता येत नाही. साधारणपणे असे तुकडे एकत्र करून विकतात आणि ज्याच्या-त्याच्या वाट्याची रोकड पाठवतात. मोठ्या भागधारकास ही बाब क्षुल्लक, पण पाच-दहा भागवाल्याचा सगळा प्रश्न पुष्कळदा त्या तुकड्यातच असतो.

हे प्रमाण न्याय्य आहे की नाही हे कोण ठरवणार? या प्रश्नावरचा गाजलेला निकाल कापडधंद्यातलाच आहे. मुंबईची मफतलाल फाइन स्पिनिंग ही कंपनी अहमदाबादच्या मफतलाल इंडस्ट्रीजमध्ये विलीन करावयाची होती. पाच भागांस दोन असे प्रमाण लेखापरीक्षकांनी सुचवले होते. कंपन्या दोन राज्यांत, म्हणून मंजुरीही मुंबई आणि गुजरात अशा दोन उच्च न्यायालयांची. मिहीर मफतलाल यांनी गुजरातेत हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९६ मध्ये त्यांचे अपील फेटाळले गेले. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : बहुसंख्य भागधारकांनी सारी माहिती हाती असताना जो व्यापारी निर्णय घेतला, त्यावर आम्ही अपील ऐकत बसणार नाही; क्रिकेटमधल्या पंचाप्रमाणे खेळ नियमाने झाला की नाही एवढेच आम्ही पाहू.

म्हणजे सारा भार नियमांवर आणि कागदांवर येऊन पडतो. दाखल करावयाचे कागद ही केवळ कारकुनी बाब आहे असे मला पूर्वी वाटे. पण पंच जर फक्त नियमच पाहणार असेल, तर लहान भागधारकाचे संरक्षण त्या कागदांतच असते.

त्या वेळी १९५६ चा कायदा होता. आता २०१३ च्या कायद्याची कलमे २३० ते २३२ लागू आहेत आणि उच्च न्यायालयाऐवजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जावे लागते. गुजरातच्या कंपनीने अहमदाबादला, महाराष्ट्राच्या कंपनीने मुंबईला, कर्नाटकातील कंपनीने बेंगळुरूला. भागबाजारात नोंदलेल्या कंपनीस त्याआधी योजनेचा मसुदा बाजाराकडे पाठवावा लागतो. पहिला अर्ज सभा बोलावण्यासाठीचा. सभेची नोटीस (नमुना सीएए-२) निदान महिनाभर आधी भागधारकाकडे गेली पाहिजे, आणि तिच्यासोबत योजना, मूल्यांकनाचा अहवाल व संचालकांचे हितसंबंध सांगणारे निवेदन. मामांच्या लिफाफ्यात प्रमाण कसे काढले हे सांगणारी पाने होती. ती मात्र सर्वांत बारीक टाइपात!

तशीच नोटीस आयकर खाते, कंपनी निबंधक, केंद्र सरकार आणि संबंध येत असेल तेथे रिझर्व्ह बँक, सेबी वगैरेंना जाते. तीस दिवसांत त्यांनी काही कळवले नाही तर त्यांची हरकत नाही असे धरतात. सभेत मतदान करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी होकार द्यावा लागतो आणि त्यांच्याजवळ मूल्याने तीन-चतुर्थांश भाग असावे लागतात. पुढे मंजुरीची याचिका, सुनावणी, आदेश. आदेशाची प्रमाणित प्रत आयएनसी-२८ या नमुन्यात तीस दिवसांच्या आत निबंधकाकडे दाखल करावी लागते. नव्या भागांच्या वाटपाचे विवरण वेगळे.

एक तरतूद मला खटकते. योजनेवर हरकत घ्यायची तर आता किमान दहा टक्के भाग हवेत (धनकोस येणे रकमेच्या पाच टक्के). १९५६ च्या कायद्यात ही अट नव्हती. कोणीही उठून योजना अडवू नये हा हेतू समजतो. पण पन्नास भागवाल्याने मत देण्यापलीकडे काय करायचे?

पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील खासगी मर्यादित कंपन्यांना सहसा एवढा मोठा फेरा पडत नाही. दोन लहान कंपन्या, किंवा मूळ कंपनी आणि तिच्या पूर्ण मालकीची उपकंपनी, यांना कलम २३३ चा जवळचा रस्ता आहे. न्यायाधिकरणाऐवजी प्रादेशिक संचालकाची मंजुरी पुरते. मात्र नव्वद टक्के भागांचा होकार हवा आणि कर्जे फेडण्याची ऐपत असल्याचे प्रतिज्ञापत्र (सीएए-१०) द्यावे लागते. ज्या रंगाच्या व्यापाऱ्याचे पैसे अडकलेले असतात, त्याने हा कागद अवश्य पाहावा.

असो. मामांचे काय झाले? विलीनीकरण होऊन गेले, नवे भाग त्यांच्या नावे निघाले. परंतु मामांनी मधल्या काळात तीन खोल्या बदलल्या. टपाल जुन्याच पत्त्यावर जात राहिले. ओळीने सात वर्षे लाभांश कोणी घेतला नाही की कायद्याने तो आणि ते भागही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तेच झाले होते. ते गडप झालेले नाहीत, मागता येतात. त्यासाठी आयईपीएफ-५ हा अर्ज संगणकावर भरून त्याची प्रत, क्षतिपूर्तीचे बंधपत्र आणि जुना दाखला कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा; कंपनी तपासून निधीला अहवाल देते.

अर्ज भरायला बसलो तर जुन्या दाखल्यावर मामांचे आडनाव एका तऱ्हेने आणि आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने. आता दोन्ही माणसे एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र आधी करायचे आहे. मामींनी तो लिफाफा पत्र्याच्या पेटीतून काढून देवघरात ठेवला आहे.