पाया खणण्यापूर्वी

पाया खणता खणता जुनी भिंत लागली, मडकी निघाली, असे आपण पुष्कळदा ऐकतो. त्या वेळी मजूर कामावर आलेले असतात, पैसा गुंतलेला असतो, आणि त्या भिंतीचे काय करावे याचा विचार करण्यास कोणाला सवड नसते. हाच शोध आराखडा कागदावर असतानाच घेणे, यास पुरातत्त्वीय पूर्वपरीक्षण म्हणतात. त्याची गरज लंडनमधील एका जागेवरून चांगली कळते.

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावाने लंडनचा जुना भाग उद्ध्वस्त झाला. पुनर्बांधणीपूर्वी ग्राइम्स या पुरातत्त्ववेत्त्याने वॉलब्रुक नावाच्या बुजलेल्या ओढ्याकाठी उत्खनन केले. 18 सप्टेंबर 1954 रोजी, ठरलेल्या मुदतीच्या अखेरच्या दिवशी, मिथ्रस देवाचे संगमरवरी मस्तक सापडले. तेव्हा कोठे कळले की, खाली दिसणाऱ्या भिंती सुमारे इ. स. 240 मधील एका रोमन मंदिराच्या आहेत. (मिथ्रस या नावाचे वैदिक ‘मित्रा’शी नाते आहे.) ते पाहण्यास लोकांच्या रांगा लागल्या; परंतु बांधकामाची सर्व सिद्धता झालेली होती. मंदिराचे दगड काढले गेले आणि 1962 मध्ये सुमारे 100 मीटर दूर ते पुन्हा रचण्यात आले. एक दिवस उशीर झाला असता तर?

1989 मध्ये थेम्सच्या दक्षिण तीरावर शेक्सपियरच्या काळातील ‘रोझ’ नाट्यगृहाचे अवशेष कचेरीच्या इमारतीखाली जाण्याची वेळ आली, तेव्हा मोठी चळवळ झाली. पुढे 1990 मध्ये इंग्लंडच्या शासनाने मार्गदर्शन प्रसिद्ध केले. परवानगीचा निर्णय होण्यापूर्वी पूर्वपरीक्षण करून घेण्यास नियोजन-अधिकारी बांधकाम करणारास सांगू शकतात, असे त्यात होते. ते तत्त्व आजही चालू आहे.

परीक्षणाची रीत साधी आहे. प्रथम जुने नकाशे व पूर्वीच्या शोधांच्या नोंदी पाहतात. मग जागेत ठिकठिकाणी अरुंद चर खणतात. ते बहुधा एकूण क्षेत्राच्या शेकडा 2 ते 5 एवढेच असतात. यंत्राने वरची माती काढावयाची, जुना थर दिसताच थांबावयाचे, आणि पुढे गवंड्याच्या थापीसारख्या लहान हत्याराने काम करावयाचे. वस्तू गोळा करणे हा येथे हेतू नव्हे. अवशेष किती खोल आहेत, कोणत्या काळचे आहेत, कितपत टिकले आहेत, एवढेच जाणावयाचे असते. त्यावरून पायाचे खांब सरकविता येतात, किंवा संपूर्ण उत्खनन ठरविता येते. चर रिकामा निघाला तर तेही उत्तरच. मात्र दोन चरांमधील एखादी कबर निसटू शकते, हे मान्य केले पाहिजे.

आपल्याकडे 1958 चा कायदा व त्यातील 2010 ची दुरुस्ती यांनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून, त्यापुढील 200 मीटरांत परवानगी लागते. परंतु ज्यांचे भूमीवर चिन्हही उरलेले नाही, अशा अवशेषांना या अंतरांचा आधार नाही. आणि शहरांखाली बहुतेक अवशेष असेच असतात.

वॉलब्रुकच्या त्याच जागेवर पुन्हा नवी इमारत उभारावयाची ठरली, तेव्हा 2010 ते 2014 या काळात सविस्तर उत्खनन झाले. ओल्या चिखलात हवा न पोहोचल्याने लाकूड कुजले नव्हते. 405 लेखनफलक मिळाले. त्यांवरील मेण नाहीसे झाले होते, पण लेखणीचे ओरखडे लाकडात उमटलेले होते. त्यांतील एकावर 8 जानेवारी, इ. स. 57 ही तारीख आहे. तिब्युलस नावाच्या मुक्त केलेल्या गुलामाने, घेतलेल्या मालाबद्दल आपण 105 दिनार देणे लागतो, असे त्यावर लिहून दिले आहे. मंदिरही 2017 मध्ये मूळ जागेजवळ, रस्त्याखाली सुमारे सात मीटर खोलीवर, पुन्हा नेण्यात आले.