दुसरं ग्राफिक्स कार्ड आणि सारखा रीस्टार्ट होणारा लॅपटॉप

"लाईट वरखाली होते, म्हणून लॅपटॉप सारखा रीस्टार्ट होतो." वडखळ, पेण, रोहा या पट्ट्यात लॅपटॉपच्या दुखण्याचं पहिलं निदान हेच असतं, आणि पावसाळ्यात तर ते कुणालाही पटतं. पण चार्जर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. इनपुट १०० ते २४० व्होल्ट, असं बहुतेक चार्जरवर छापलेलं असतं. एवढा चढउतार तो सहज सोसतो, आणि लाईट पार गेली तरी मधे बॅटरी असतेच. लाईट गेल्यावर डेस्कटॉप बंद पडतो, लॅपटॉप पडता कामा नये. पडत असेल तर आधी बॅटरी तपासावी.

चाचणी सोपी आहे. बॅटरी पूर्ण भरा, चार्जर काढा आणि ज्या कामात मशीन रीस्टार्ट होतं तेच काम करा. तरीही झालं, तर विजेच्या पुरवठ्याचा संबंध संपला. नाही झालं, तरी लगेच विजेवर खापर फोडू नका. बॅटरीवर चालताना दुसरं ग्राफिक्स कार्ड कमी ताकदीनं वापरायचं, अशीच बऱ्याच लॅपटॉपची रचना असते. त्यामुळे दोष त्या कार्डात असूनही तो बॅटरीवर दडून राहतो.

हे दुसरं कार्ड म्हणजे काय, तेही नीट समजून घेऊ. एक ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असतं, साधारण इंटेलचं किंवा एएमडीचं. दुसरं वेगळ्या चिपचं, जास्त ताकदीचं, बहुधा एनव्हिडियाचं. एनव्हिडियानं २०१० मध्ये ऑप्टिमस नावाची पद्धत आणली आणि तेव्हापासून अशा दोन ग्राफिक्सच्या बहुतेक लॅपटॉपची जुळणी एकाच धर्तीची झाली: स्क्रीनची वायर आतल्या ग्राफिक्सला जोडलेली, मोठं कार्ड एरवी झोपलेलं. जड काम आलं की ते उठतं, चित्र तयार करतं आणि पडद्यावर दाखवण्यासाठी आतल्या ग्राफिक्सच्या हवाली करतं. काम संपलं की पुन्हा झोपतं. म्हणजे "दोन कार्डं एकमेकांशी भांडतात" हे खरं नाही. ती एका साखळीत काम करतात. म्हणूनच फक्त एनव्हिडियाचा ड्रायव्हर नवा टाकून इंटेलचा कित्येक वर्षं तसाच ठेवला, तर साखळीची एक कडी जुनीच राहते.

आता सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज. पेणच्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्यानं लॅपटॉप दाखवायला आणला होता. त्याचं म्हणणं, "दादा, मी गेम खेळतच नाही, मग ते कार्ड बिघडेल कसं?" ऑटोकॅडमधलं ड्रॉइंग उघडताना पडदा क्षणभर गोठायचा, काळा व्हायचा आणि मशीन पुन्हा सुरू व्हायचं. नेमका मुद्दा त्याच्या प्रश्नातच होता. ड्रायव्हरचा दोष असतो तेव्हा हे कार्ड बहुतेकदा पूर्ण ताणाखाली नव्हे, तर झोपेतून उठताना किंवा झोपताना अडकतं. ड्रॉइंग उघडणं, व्हिडिओ सुरू करणं, झाकण मिटून पुन्हा उघडणं, हे सगळे त्याला उठवण्याचे क्षण. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं तोंड थेट मोठ्या कार्डाला जोडलेलं असतं. तिथे शाळेतल्या प्रोजेक्टरची वायर लावली, तरी ते जागं होतं. वायर लावताच मशीन रीस्टार्ट झालं की दोष प्रोजेक्टरवर जातो.

असं का घडतं? ग्राफिक्स कार्ड उत्तर देईना, तर विंडोज साधारण २ सेकंद थांबते आणि कार्डाला नव्यानं सुरू करून बघते. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे. जमलं तर पडदा लुकलुकतो आणि काम पुढे चालू राहतं. नाही जमलं तर निळा पडदा येतो. तो तुम्हाला दिसत नाही किंवा वाचायला वेळ मिळत नाही, कारण बिघाड झाल्यावर आपोआप रीस्टार्ट व्हायचं, ही सेटिंग विंडोजमध्ये आधीपासून चालू असते. सिस्टिमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' समोरची टिक काढा. पुढच्या वेळी पडदा थांबेल आणि त्यावरचं कारण वाचता येईल. खर्च शून्य, पण हे न करताच मदरबोर्ड बदलायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

झालेल्या घटनेची नोंदही मशीन ठेवतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत 'कर्नल-पॉवर ४१' सापडतं आणि 'पॉवर' हा शब्द वाचून चार्जर किंवा बॅटरी बदलली जाते. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. खरी माहिती तिच्या 'डिटेल्स'मध्ये, 'बगचेक कोड' या ओळीत असते. त्या विद्यार्थ्याच्या मशीनवर तिथे २७८ होतं. हा आकडा नेहमीच्या दशमान पद्धतीत असतो. हेक्समध्ये तोच ११६ होतो आणि त्याचा अर्थ, ग्राफिक्स ड्रायव्हरला वेळेत सावरता आलं नाही. १५९ असेल तर कुठला तरी ड्रायव्हर झोपण्या-उठण्याच्या मधे अडकला. २९२ असेल तर हार्डवेअरनं स्वतः चूक कळवली आहे, तिथे ड्रायव्हर बदलत बसण्यात अर्थ नाही. शून्य असेल तर विंडोजला नोंद करायलाही वेळ मिळाला नाही. तेव्हा बॅटरी, चार्जर, उष्णता इकडे वळावं. मोठ्या कार्डाच्या लॅपटॉपला कमी वॅटचा चार्जर लावला आणि बॅटरीही थकलेली असली, तर ताण येताच मशीन असंच बसतं.

"तापतो म्हणून रीस्टार्ट होतो" हे अर्धसत्य आहे. तापलेलं मशीन आधी स्वतःचा वेग कमी करतं आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर बंद होतं. मग बहुधा ते बंदच राहतं. स्वतःहून पुन्हा सुरू होत असेल, तर पहिला संशय निळ्या पडद्यावर घ्यावा. तरीही आपल्याकडे साफसफाई टाळू नये. खाडीची दमट हवा, हायवेची धूळ, पेणच्या मूर्तिशाळांमधली प्लास्टरची बारीक पूड यांचा थर पंख्यामागच्या जाळीत बसतो आणि हवा अडते. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा.

"डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड डिसेबल केलं की ते बंद झालं." हेही तपासून घ्या. डिसेबल केल्यानं ड्रायव्हर उतरतो, आणि कार्डाला झोपवण्याचं काम तर ड्रायव्हरच करत असतो. काही मॉडेलवर त्यामुळे कार्ड वीज खात जागंच राहतं, पंखा घोंघावतो, बॅटरी लवकर उतरते. चाचणी म्हणून मात्र ही युक्ती उत्तम. काही दिवस डिसेबल ठेवा. रीस्टार्ट थांबले तर संशय बराचसा पक्का झाला.

मग ड्रायव्हर. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, आपल्याच मॉडेलचे, दोन्ही ग्राफिक्सचे ड्रायव्हर आधी उतरवून घ्या. नेट बंद करा, नाहीतर विंडोज अपडेट मधेच स्वतःचा ड्रायव्हर टाकतं. सेफ मोडमध्ये जाऊन 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर'नं जुने पूर्ण काढा, मग आधी आतल्या ग्राफिक्सचा, नंतर मोठ्या कार्डाचा टाका. बायोसची नवी आवृत्ती असेल तर तीही घ्या, कारण कार्डाची वीज चालू-बंद करण्याचे नियम तिथे लिहिलेले असतात. पण बॅटरी धड असेल आणि चार्जर लावलेला असेल तेव्हाच. बायोस लिहिताना लाईट गेली आणि बॅटरीनं साथ सोडली, तर मशीन उठायचंच नाही. त्या विद्यार्थ्याचं काम एवढ्यात भागलं. लिनक्स वापरणाऱ्यांनी एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर टाकून पाहावा. सुरू होतानाच गोठत असेल तर बूट करताना 'नोमोडसेट' हा पर्याय देऊन आत शिरता येतं, पण ती तात्पुरती सोय आहे.

चिपच खराब असण्याची उदाहरणंही आहेत. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियानं लॅपटॉपच्या काही चिपमधल्या कमकुवत साहित्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. ॲपलनं २०११ च्या १५ आणि १७ इंची मॅकबुक प्रोसाठी फेब्रुवारी २०१५ मध्ये मोफत दुरुस्ती सुरू केली. त्यात सांगितलेल्या लक्षणांत अचानक रीस्टार्ट होणं होतंच. म्हणून आपल्या मॉडेलसाठी अशी योजना आहे का, हे पैसे मोजण्याआधी बघावं. "चिपला गरम हवा मारली की ठीक होतं" यावर भरवसा ठेवू नका. चिपच्या आतले सूक्ष्म जोड उष्णतेनं काही दिवस पकडतात आणि पुन्हा सुटतात. त्यापेक्षा बायोसमध्ये फक्त आतलं ग्राफिक्स वापरायचा पर्याय असला, तर तो निवडा. अभ्यास, हिशेब, ऑनलाइन अर्ज, सगळं त्यावर चालतं.

आणि दुकानात नेण्याआधी फॉरमॅट मारू नका. विंडोजच्या फोल्डरमध्ये 'मिनिडंप' नावाचं फोल्डर असतं, निळ्या पडद्याच्या नोंदी तिथे साठतात. फॉरमॅटमध्ये त्या पुसल्या जातात आणि दोष हार्डवेअरचा असेल तर तो तसाच राहतो. आपल्या फाइली आणि ते फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात लॅपटॉपबरोबर तो पेनड्राइव्हही द्या.