वाघोलीचं निळं, मावळचं पांढरं

बोरघाटातून रेल्वे धावू लागली ती १८६३ साली. त्यासाठी घाटात सुरुंग लागले, तेव्हा काळ्या कातळातल्या पोकळ्या उघड्या पडल्या आणि आत निघाले ॲपोफिलाइटचे काचेसारखे स्फटिक. भूवैज्ञानिकांना इथला खडक इतका परिचयाचा, की दख्खनच्या लाव्हाथरांच्या एका गटाला त्यांनी ‘लोणावळा उपगट’ असंच नाव दिलं.

मावळातल्या या पोकळ्यांत दिसतं ते बहुतेक पांढरं. धातूचा रंग पाहायचा तर पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, वाघोलीच्या खडीच्या खाणींकडे जावं लागतं. तिथे कॅव्हनसाइट मिळतं. हे दुर्मीळ खनिज पहिल्यांदा १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलं. पण जगभरचे संग्राहक मागतात ते वाघोलीचं.

स्टिल्बाइट या खनिजाच्या पांढऱ्या बैठकीवर गडद निळे गोळे बसलेले असतात. गोळा फुटला, की मध्यातून बाहेर पसरलेल्या बारीक सुया दिसतात. धातूची चकाकी अजिबात नाही. पाण्याच्या जेमतेम सव्वादोन पट जड. चाकूने सहज ओरखडा उठतो. वजनात मात्र सुमारे ११ टक्के व्हॅनेडियम, म्हणजे पोलाद कणखर करणारा धातू. (तो काढण्यासाठी कॅव्हनसाइट वितळवणारा माणूस वेडाच म्हणायचा, संग्राहक त्याहून कितीतरी जास्त मोजतात.) निळाईही व्हॅनेडियमचीच. त्याच्या बाहेरच्या पाच इलेक्ट्रॉनांपैकी चार बंधांत गुंततात. उरलेला एकटा प्रकाशातला तांबडा भाग शोषतो.

दुर्मीळ आहे तो धातू नव्हे, योग. व्हॅनेडियम मावळच्या बसाल्टातही आहे, दहा लाखांत काहीशे भाग. लाव्हा निवल्यावर झिरपणाऱ्या कोमट पाण्याने ते खडकातून सोडवून पोकळीत आणावं लागतं. त्या पाण्यात ऑक्सिजन जास्त झाला तर व्हॅनेडियम पाचवाही इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, आणि मग कॅव्हनसाइट होत नाही. शिवाय कॅल्शियम आणि सिलिका त्याच वेळी हाताशी हवेत. एवढं सगळं जुळून येणं विरळाच.

लोणावळ्याला गेलात, तर रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या डबराच्या ढिगाकडे एकदा भिंगातून पाहा. कार्ला, भाजे, लोहगड इथल्या कातळाला मात्र हातोडी लावू नका. ती संरक्षित स्मारकं आहेत.