काचेवरचे थेंब आणि चाळीतला कांदा

मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातील देवळा परिसरात पारा चाळिशीच्या आसपास असतो. तरी घरांच्या खिडक्यांच्या काचा कोरड्या ठणठणीत राहतात. पाऊस सुरू झाला, की पारा दहा-बारा अंशांनी उतरतो आणि नेमक्या त्याच दिवसांत वातानुकूलित खोलीची काच बाहेरून धुरकट होते. बोट फिरवले, तर थेंब ओघळू लागतात. मुंबई-ठाण्यात तर हा अनुभव नित्याचाच. चौकट सदोष आहे किंवा यंत्र गळते आहे, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात हे पाणी हवेतूनच आलेले असते.

हवेत पाण्याची वाफ नेहमीच असते. तापमान वाढेल तशी ती अधिक प्रमाणात सामावते. चाळीस अंश सेल्सियसला एका घनमीटर हवेत सुमारे 51 ग्रॅम वाफ राहू शकते. मात्र कोरड्या उन्हाळ्यात सापेक्ष आर्द्रता 20 टक्के असेल, तर प्रत्यक्षात तेथे जेमतेम 10 ग्रॅम वाफ असते. अशा हवेतील वाफेचे पाणी होण्यासाठी एखादा पृष्ठभाग सुमारे 13 अंशांपर्यंत थंड व्हावा लागतो. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. घरातली काच इतकी थंड कधीच होत नाही.

पावसाळ्यात 27 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असताना तेवढ्याच हवेत सुमारे 23 ग्रॅम वाफ असते आणि दवबिंदू 25 अंशांवर पोहोचतो. खोलीत यंत्र 20 अंशांवर चालू असेल आणि थंड झोत थेट काचेवर येत असेल, तर काचेचा बाहेरचा पृष्ठभागही 25 अंशांखाली उतरतो आणि त्यावर दव धरते. काचेला घाम फुटतो तो उष्णतेने नव्हे, हवेतील ओलाव्याने.

माठाचे पाणी मात्र वेगळ्या न्यायाने गार होते. माठाच्या बाहेरील ओल ही आतून झिरपलेल्या पाण्याची असते. ते पाणी कोरड्या हवेत झपाट्याने उडून जाते आणि जाताना माठातील उष्णता घेऊन जाते. म्हणूनच देवळ्यात मे महिन्यात माठ उत्तम गार होतो आणि मुंबईच्या जुलैत तोच माठ निष्प्रभ ठरतो. फ्रिजमधून काढलेल्या पेल्यावरचे थेंब मात्र खिडकीच्या काचेप्रमाणेच हवेतून आलेले असतात.

थेंब दिसताच ते काचेच्या कोणत्या बाजूस आहेत, हे प्रथम पाहावे. बाहेरच्या बाजूस असतील, तर काळजीचे कारण नाही. यंत्राचे तापमान 24 अंश किंवा त्याहून अधिक ठेवावे आणि झोताची दिशा काचेपासून दूर वळवावी. वीजही वाचते. आतल्या बाजूस थेंब असतील, तर स्वयंपाकघर, न्हाणीघर किंवा घरात वाळत घातलेले कपडे यांचा ओलावा कोंडला असण्याची शक्यता अधिक. यंत्र बंद करून दमट सकाळी लगेच खिडकी उघडली, तरीही थंड काच आतून धुरकटते. कोंडलेली ओल दीर्घकाळ राहिल्यास लाकूड फुगते, भिंतीवर बुरशी धरते. बाहेर हवा सोडणारा पंखा आणि थोडे वायुवीजन हाच त्यावर उपाय. दुहेरी काचेच्या मधल्या पोकळीत थेंब दिसले, तर तिचे सील निकामी झाले असे समजावे. पुसून ते जाणार नाहीत.

शहरी घरात हा प्रश्न पुसण्यापुरता असतो. देवळा तालुक्यात मात्र हाच नियम वर्षाची कमाई ठरवतो. मार्च ते मे या काळात निघालेला उन्हाळ कांदा शेतकरी चाळीत साठवतात आणि दर पाहून पुढे अनेक महिने उमराण्यासारख्या बाजारांत विकतात. चाळीतला कांदा सजीव असतो. तो श्वसन करतो, उष्णता आणि वाफ बाहेर टाकतो. 25 ते 30 अंश तापमान आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता त्याला मानवते. आर्द्रता फार घटली, तर वजन घटते. वाढली, तर सड आणि काळी बुरशी पसरते.

चाळीचा तळ जमिनीपासून उंच ठेवतात, भिंती फटींच्या असतात आणि ढिगाची उंची साधारण चार-पाच फुटांपलीकडे नेत नाहीत, ते यासाठीच. आतली वाफ वाऱ्याबरोबर निघून जाणे आवश्यक असते. पावसाच्या भीतीने ढीग प्लास्टिकच्या कागदाने घट्ट झाकला, तर कागदाचीच खिडकीची काच होते. रात्री कागद गार होतो, त्याच्या खालच्या अंगास थेंब जमतात आणि कांद्यावर ठिबकतात. वरून पाऊस लागला नाही, तरी माल आतूनच भिजतो.

शीतगृहातही यातून सुटका नाही. तेथे शून्य ते दोन अंशांवर ठेवलेला कांदा एकदम दमट हवेत आणला, की त्याच्या पापुद्र्यावर पाणी सुटते आणि सडण्यास सुरुवात होते. म्हणून तो टप्प्याटप्प्याने बाहेरच्या तापमानावर आणावा लागतो.

काच पुसून टाकता येते. चाळीत एकदा सडू लागलेला कांदा पुन्हा सुधारत नाही. म्हणून पावसापासून आडोसा करताना वाऱ्याची वाट मोकळी ठेवणे, हीच तेथील खरी राखण ठरते.