पाणी कोठे जाऊन बसते?

पावसाळ्यात मिठाच्या बरणीचे झाकण उघडे राहिले, की मीठ ओलसर होते, हे तुम्ही पाहिलेच असेल. पण मुळात मीठच द्रवरूप असेल तर?

घरचे मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यातील आयन लहान व गोल असल्यामुळे घट्ट रचून बसतात. आयन मोठे आणि वेडेवाकडे असले, तर त्यांची नीट रास लागत नाही आणि क्षार नेहमीच्या तापमानालाही द्रव राहू शकतो. हाच ‘आयनिक द्रव’. १२ अंशाला वितळणारा असा एक क्षार पॉल वाल्डेन यांनी १९१४ साली वर्णिला. २००५ साली जपानी रसायनशास्त्रज्ञांनी प्रथिनांचे घटक असणाऱ्या वीस अमिनो आम्लांपासून असे द्रव बनविले. त्यांत अमिनो आम्ल हा ऋण आयन असतो.

डोळ्यांना हा द्रव एकसारखा दिसतो. आत मात्र भारित भाग एकमेकांना धरून जाळे विणतात आणि तेलासारख्या भाररहित साखळ्या वेगळ्या गोळा होतात. ही वीण सुमारे एक नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी असते.

आता यात पाणी घाला. पहिले रेणू भारित भागांना चिकटून एकेकटे बसतात. पाणी वाढले, की त्यांचे लहान गट व साखळ्या होतात. आणखी वाढले, की पाण्याचेच सलग जाळे बनते आणि आयन त्यात विखुरतात. ‘मिठात पाणी’ होते, त्याचे ‘पाण्यात मीठ’ झाले! हा पालट केव्हा होतो, ते आयनांच्या घडणीवर अवलंबून असते.

हे कळते कसे? क्ष-किरण व न्यूट्रॉन द्रवातून सोडून ते कसे विखुरतात, ते मोजतात. साधा हायड्रोजन व जड हायड्रोजन न्यूट्रॉनांना वेगवेगळे विखुरतात. म्हणून साध्या पाण्याऐवजी जड पाणी घालून पाण्याची जागा हुडकता येते.

याचा उपयोग काय? कोलीन व लायसीन यांचा द्रव काडीकचऱ्यातील लिग्निन विरघळवितो. मग उरलेल्या सेल्युलोजपासून साखर व त्यापासून इंधन करणे सोपे जाते. पण हा द्रव दाट आणि महाग असतो. पाण्याने तो पातळ व स्वस्त होतो. फार पाण्याने मात्र त्याचे गुणच बदलतात. म्हणून पाणी किती घालावे, हे ठरवायचे, तर ते कोठे जाऊन बसते, हे आधी कळले पाहिजे.